परसूअण्णाचा मॅनेजर

परसूअण्णाची बंदूक वर्षातले जेवढे दिवस घरी असायची, त्याहून जास्त दिवस ती पोलीस ठाण्यात असायची. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि नव्वदनंतरच्या त्या वर्षांत निवडणुकांना काही धरबंदच नव्हता. एक सरकार पडलं की अण्णा कपाट उघडायचा. आजोबांच्या काळातली ती ठासणीची एकनळी बायकोच्या जुन्या इरकलीत गुंडाळायचा आणि सिटी बसमध्ये मांडीवर आडवी घेऊन बसायचा. कंडक्टरनं एकदा तिचं अर्धं तिकीट मागितलं होतं.

जमा केल्यावरही जिवाला चैन नसायचं. दर गुरुवारी कामावरून परतताना तो ठाण्यात डोकावायचा. तिथला हवालदार कंटाळून म्हणायचा, "अण्णा, निम्म बंदूक आराम ऐती. नीवू आराम इर्री." म्हणजे तुमची बंदूक मजेत आहे, तुम्हीही मजेत राहा. अण्णा मान डोलवायचा आणि तरीही कोपऱ्यात उभ्या केलेल्या त्या इरकलीकडे बघून घ्यायचा.

परशराम पाटील हा धारवाडात माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. गावाबाहेरच्या बेलूर वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून मला "मास्तर" म्हणायचा. अळणावरच्या अलीकडे त्याची वडिलोपार्जित चार एकर जमीन होती. ती धाकटा भाऊ मारुती कसायचा. ऊस, थोडं भात. आणि या जमिनीवर अण्णाचा एक वैरी होता. एक रानडुक्कर. कळप सोडून एकटं फिरणारं, वासराएवढं, डाव्या सुळ्याचं टोक मोडलेलं. दुसऱ्यानं राबावं आणि यानं येऊन आरामात खावं, म्हणून अण्णानं त्याचं नाव ठेवलं होतं मॅनेजर.

या नावापायी एकदा नोकरीच जायची. कंपनीच्या बसमध्ये तो कुणाला तरी सांगत होता, "या रविवारी मॅनेजरला गोळी घालतोच बघ. आठ वर्षं सोसलं." सोमवारी त्याला ऑफिसात बोलावणं आलं. तिथं खुर्चीत खरा मॅनेजर, शेजारी दोन वॉचमन. अण्णानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातला वनखात्याचा परवानगीचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. डुक्कर मारायची परवानगी. हा कागद तो कायम जवळ बाळगायचा. डुक्कर समोर आल्यावर त्याला वाचून दाखवायचा विचार होता की काय, कुणास ठाऊक. मॅनेजरनं कागद दोनदा वाचला आणि खाली कुठं आपलं नाव नाही ना, हे पाहून परत दिला.

त्याच्या स्वयंपाकघराच्या दारामागं एक तक्ता चिकटवलेला होता. "पहिला व तिसरा रविवार : डुक्कर. दुसरा रविवार : घर. चौथा : देव, पाहुणे, कटिंग." खाली बारीक अक्षरात, "पाचवा आल्यास : डुक्कर." शांताक्कांनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, "घर" या शब्दापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

त्या प्रश्नचिन्हाला कारण होतं. त्यांची एकुलती एक वैजू सातवीत असताना एका रविवारी तापानं फणफणली. दुपारी डोळे फिरवायला लागली. अण्णा अळणावरला, उसाच्या राखणीच्या माळ्यावर. शांताक्का आणि मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रिक्षात ती एवढंच विचारत होती, "अप्पा आले?" अण्णा संध्याकाळी आला तो हसत. हातात बिस्किटाचा डबा, डब्यात चिखलाचा गोळा, गोळ्यावर मॅनेजरच्या खुराचा ठसा. घराला कुलूप बघून तो डबा घेऊनच दवाखान्यात धावला. शांताक्कांनी तो डबा घेतला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला.

वैजू बरी झाली. अण्णा वर्षभर अळणावरला गेला नाही. नंतर पुन्हा जायला लागला.

वैजूचं लग्न ठरलं ते दिवाळीनंतर. मुलगा बेळगावचा, सरळ स्वभावाचा. त्याचे वडील रेल्वेत गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. घड्याळ बघितल्याशिवाय पाणीही न पिणारे. साखरपुडा आमच्याच गल्लीत, अण्णाच्या घरी, रविवारी सकाळी अकरा दहाच्या मुहूर्तावर.

आणि शनिवारी संध्याकाळी माझ्या घरचा फोन वाजला. अण्णाकडं फोन नव्हता. पलीकडून मारुती म्हणाला, "अण्णाला सांगा, विहिरीजवळच्या उसात ताजे ठसे आहेत. दोन दिवस तो तिथंच मुक्कामाला आहे." मी मूर्खासारखा जाऊन निरोप दिला. अण्णा मांडवाला दोरी बांधत होता. दोरी त्याच्या हातातून सुटली.

"सकाळी जातो आणि नऊला परत येतो," तो म्हणाला.

शांताक्का माझ्याकडं वळल्या. आवाज अगदी शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "मास्तर, तुमच्या फोननं सांगितलं ना? मग तुम्हीच जावा त्यांच्याबरोबर. दहाच्या आत त्यांना दारात आणून उभं करा. नाहीतर मी पाहुण्यांना सांगते की मुलीला बाप नाही."

अण्णानं मान खाली घातली. पण सकाळी साडेचारला स्कूटर सुरू झालीच.

उजाडताना आम्ही उसाच्या कडेच्या माळ्यावर बसलो होतो. चार वासे आणि वर बांबूची ताटी, बस. कार्तिकातली थंडी. मी हातातल्या घड्याळाकडं बघत होतो, अण्णा उसाकडं. मी तोंड उघडलं की "सुम्ने बस!" एवढंच. सुम्ने म्हणजे गप्प. घरी वैजूलाही तो हेच म्हणायचा, देवळात भटजीलाही.

सात वाजले. साडेसात. आठला मी म्हणालो, "अण्णा, ऊठ आता."

"सुम्ने बस!"

आणि उसाची पानं हलली.

तो बाहेर आला. मी चित्रात रानडुक्कर पाहिलं होतं. चित्रात त्याचा श्वास ऐकू येत नाही. काळं, चिखलानं माखलेलं अंग, पाठीवर राठ केसांची रांग, मोडका सुळा. आमच्यापासून वीस पावलांवर तो ऊस दाढेखाली फोडायला लागला. कडाकड आवाज येत होता. त्याची पूर्ण कूस आमच्याकडं होती. अण्णानं बंदूक उचलली. नेम धरला. बोट घोड्यावर गेलं.

मी कान झाकून घेतले. काहीच झालं नाही.

मी वळून पाहिलं. तेवढ्या थंडीत अण्णाच्या कानामागून घाम ओघळत होता. बंदूक स्थिर, बोट स्थिर, डोळा नेमावर. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी ओठ न हलवता म्हणालो, "मार." तो ऐकतच नव्हता.

माझ्या पायाला पेटका आला. मी जरासा सरकलो आणि बांबू कर्रकन वाजला. मॅनेजरनं मान वर केली. मला वाटलं पळेल. तो पळाला, पण आमच्याच दिशेनं. वाशावर त्याची धडक बसली, सगळा माळा एका बाजूला कलला, मी अण्णाचा पाय धरला आणि बंदूक सुटून खाली गवतात पडली.

मग ते जनावर तिथंच उभं राहिलं. बंदुकीला नाक लावून हुंगलं. थोडा वेळ फेऱ्या मारल्या आणि पाटाच्या ओल्या मातीत, आमच्या बरोबर खाली, अंग टाकलं. एक वासा उखडलेला. आम्ही दोघं उरलेल्या तीन वाशांवर, श्वास रोखून. हाक मारायची तर कुणाला? मारुती बायकोपोरांसह पहाटेच धारवाडला गेलेला, पुतणीच्या साखरपुड्याला.

पावणेनऊ. सव्वानऊ. आता पाहुणे बेळगावहून निघाले असतील. पावणेदहा. आता शांताक्का दारात येऊन रस्ता बघत असतील. प्रत्येक वेळी मी घड्याळ पाहिलं की अण्णा डोळे मिटून घ्यायचा.

शेवटी मी कुजबुजलो, "एवढी वर्षं वाट बघितलीस. समोर उभा होता. का नाही मारलास?"

खाली पसरलेल्या त्या काळ्या पाठीकडं बघत तो म्हणाला, "लागला असता रे मास्तर. आंधळ्यानं मारला तरी लागला असता. बोट दाबायलोय, दाबायलोय, आणि मनात येतंय, माघात वैजू जाणार. तिची खोली रिकामी. आणि ह्याला आज आडवा केला तर मग रविवारी मी कुठं जाऊ?" त्यानं तळहातानं नाक पुसलं. "एका वर्षात दोघं जायला नकोत रे."

मी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

अकराच्या सुमाराला दूर कुणाचा तरी ट्रॅक्टर सुरू झाला. मॅनेजर उठला, अंग झटकलं आणि ऑफिस सुटल्यासारखा सावकाश उसात शिरला. आम्ही खाली उड्या टाकल्या. बंदूक उचलली की नाही हेही मला आठवत नाही; उचलली असणार. स्कूटर अण्णानं अशी हाणली की रस्ताभर मी देवाचं नाव सोडून दुसरं काही घेतलं नाही. मध्ये एकदाच मी ओरडून सांगितलं, "पंक्चर झाली म्हणून सांगू!"

पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. मांडवात सगळे बसलेले. शांताक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. मुलाचे वडील उठले. घड्याळ पाहिलं.

"अकरा दहाचा मुहूर्त होता, पाटील. कुठं होता?"

मी म्हणालो, "स्कूटर—"

"डुकराला बसलो होतो," अण्णा म्हणाला.

मांडवात कुणीतरी खोकलं. मला वाटलं, संपलं. मोडलं लग्न. गार्डसाहेबांचा चेहरा लाल झाला होता.

"मिळालं?"

"समोर आलं. मारलं नाही."

"का?"

अण्णा उत्तर द्यायला गेला. तेवढ्यात आतून वैजू आली. हिरवं लुगडं, हातात पाण्याचा तांब्या. तो तिनं त्याच्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत त्याच्या सदऱ्यावरची गवताची कुसळं एकेक करून काढायला लागली. खांद्यावरची, बाहीवरची. तो तांब्या धरून उभा, पाणी न पिता, लहान मुलासारखा मान खाली घालून. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

गार्डसाहेबांनी ते पाहिलं. मग भटजींना म्हणाले, "यानंतरचा मुहूर्त कधीचा?"

"बारा चाळीस."

"तोवर आंघोळ करून या, पाटील. ही गाडी चुकवू नका."

साखरपुडा झाला. माघात लग्नही झालं. शांताक्का साखरपुड्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत आणि नवऱ्याशी तर महिनाभर.

मग वैशाखात पुन्हा माझा फोन वाजला. पुन्हा मारुती. पहाटेच्या मालगाडीखाली शेताजवळच्या रुळावर एक मोठं डुक्कर सापडलं होतं. डावा सुळा मोडका.

या खेपेला मी शहाणा झालो होतो. आधी शांताक्कांना जाऊन सांगितलं. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला.

"ह्यांना सांगू नका."

"पण तो रविवारी जाईल ना तिकडं?"

"जाऊ देत. घरात असले की वैजूच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहतात. आत जात नाहीत, नुसते उभे. मला बघवत नाही, मास्तर." आणि तव्यावरची भाकरी उलटून म्हणाल्या, "मारुतीलाही सांगून ठेवा."

तेव्हापासून शांताक्का रविवारी पहाटे चारला उठून डबा करायला लागल्या. चार भाकरी, शेंगाचटणी, कांदा.

श्रावणात एकदा अण्णानं मलाही ओढून नेलं. माळा नवीन बांधलेला होता. आम्ही बसलो. अण्णानं बंदूक बाजूला ठेवून दिली, बारसुद्धा भरला नाही. मला राहवेना, पण शांताक्कांना शब्द दिलेला. मी उसाकडं बघत राहिलो.

"मास्तर," तो म्हणाला, "एवढं ताणून बघू नकोस. तो नाही आता. कंपनीच्या बसमध्ये कळलं तसा मी वैशाखातच रुळापाशी जाऊन आलो."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. "मग येतोस कशाला?"

"वैजू गेल्यापासून शांती सकाळी उठायचीच नाही. आठ आठ वाजेपर्यंत भिंतीकडं तोंड करून पडून. चहासुद्धा मीच करायचो. मी इकडं यायला लागलो आणि ती डब्यासाठी उठायला लागली." त्यानं डबा उघडला, भाकरी मोडून माझ्या हातात दिली. "तिला बोलू नकोस हं. सगळं बंद पडेल."

भाकरी अजून मऊ होती.

संध्याकाळी आम्ही परतलो. शांताक्का दारातच होत्या. नवऱ्याच्या हातातून रिकामा डबा घेत त्यांनी विचारलं, "दिसला का?"

"नाही. पण ठसे आहेत," अण्णा म्हणाला. "ताजे."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग पुढच्या रविवारी जरा लवकर निघा."