अंबिकाबाईसाहेबांच्या पायांची हकीकत

श्रीकुलदेवतेस स्मरोन, आणि वाचणाराचे पाय सुखी असोत ऐसे चिंतोन लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात (नाव सांगत नाही, तेथील मंडळी फार लवकर रुसतात) युवराजांचे लग्न जाहले. आणि सूनबाई सगुणाबाई उंबरठा ओलांडोन आल्या, आणि रीतीप्रमाणे थोरल्या बाईसाहेब अंबिकाबाई यांचे पायांवर डोके ठेवावयास वाकल्या, तो बाईसाहेबांनी झटकन पाय मागे घेतले. सभा चपापली. सुनेच्या डोळ्यांत पाणी तरारले. कारण काय, तर मधुमेहाने बाईसाहेबांच्या पायांच्या नसा बिघडल्या होत्या. नुसती चादर लागली तरी निखारा ठेवल्यागत होई. परंतु सांगतील त्या बाईसाहेब कसल्या! राणीने आपले दुखणे बोलून दाखवू नये, ऐसा त्यांचा हट्ट. मग रोज सकाळी सून वाके आणि रोज पाय लुगड्याखाली जात, आणि दोघीजणी आपापल्या दालनात जाऊन रडत.

मग राजवैद्य नरहरपंत यांसी गुपचूप बोलाविले. पंतांनी पाय पाहिले, आणि गोळ्या काढिल्या, आणि म्हणाले, "या मुळात उदासीवरच्या, बाईसाहेब." बाईसाहेब कडाडल्या, "अहो पंत, दुखतात पाय आणि औषध मनाला? मी काय ढोंग करते?" पंत हसोन बोलिले, "छे छे! आग खरीच आहे. पण मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वर, एक देठ असतो. तेथे चौकी आहे. पायांकडून वेदनेचे जासूद पाठीच्या कण्यातून वर धावतात, आणि त्या चौकीवरून खाली हुकूम जातो, की याला सोडा, त्याला अडवा. आपले चौकीदार थकलेत. ही गोळी त्यांना रसद पुरवते, मन उदास नसले तरी पुरवते. कोणाला गुण येतो, कोणाला नाही, आणि आला तरी सावकाश. धीर धरा." बाईसाहेबांनी नाक मुरडले आणि गोळी गिळली.

आणि मग घोटाळा जाहला. कारभाऱ्यांच्या मेहुण्यास उदासीवर हीच गोळी दिली होती. कारभाऱ्यांनी ती बाईसाहेबांच्या तबकात पाहिली, आणि दरबारभर वर्दी दिली की बाईसाहेब खिन्न आहेत. मग काय विचारता! बहुरूपी आले, नकला जाहल्या, सनईवाला खिडकीखाली ठाण मांडोन बसला, आणि जो तो येऊन म्हणे, "हसा की जरा, बाईसाहेब!" बाईसाहेबांचे डोके उठले. परंतु सगुणाबाईंनी मनी धरिले की आपण आलो म्हणोनच यांस उदासी आली. आणि पौष सरता सरता त्या निरोप घ्यावयास आल्या, आणि लांबूनच हात जोडोन म्हणाल्या, "आईसाहेब, मी माहेरी जाते, कायमची. मी नसले म्हणजे तुम्हाला बरं वाटेल." हे ऐकोन बाईसाहेबांनी तिला जवळ बोलाविले. अलीकडे आग थोडी निवत चालली होती, चादर सोसवत होती. पण हात सोसवेल की नाही, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक नव्हते. तरी राणीपण बाजूस ठेविले आणि म्हणाल्या, "अगं वेडे, तू नकोशी नव्हतीस गं. माझे पाय जळत होते. सांगायची लाज वाटली मला." आणि लुगडे सारोन दोन्ही पाय पुढे केले. सून भीत भीत वाकली आणि बोटे टेकविली. बाईसाहेबांनी डोळे गच्च मिटले. सून घाबरोन म्हणाली, "दुखतं का हो?"

"दुखतं थोडं," बाईसाहेब म्हणाल्या, "पण हात काढू नकोस."

सारांश, सूनबाई माहेरी गेल्या नाहीत. आग समूळ गेली नाही, परंतु तिच्यासंगे नांदता येईल इतकी जाहली. पंतांस शेला दिला, कारभाऱ्यांस चार शब्द सुनाविले. हल्ली दुखले की बाईसाहेब खुशाल मोठ्याने कण्हतात, आणि सूनबाई हातचे काम टाकोन धावतात. घडले ते इतुके.