अमेरिकेचं पोलाद

रतन आबांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नाही. उजव्या हातावर मात्र अस्वलाला हेवा वाटावा इतकं रान माजलेलं. शहाद्याच्या आमच्या कॉलनीत नवा भाडेकरू आला, की आधी त्याला हे दिसतं. काहीतरी त्वचेचा आजार असेल म्हणून तो बिचारा हळहळतो आणि आठवड्याभरात त्याचाही डावा हात आबांच्या तावडीत सापडतो.

कारण आबा वस्तरे जमवतात. साधेसुधे नव्हेत, अमेरिकेत घडलेले, पणजोबांच्या काळातले, मुठीत मिटणारे. धार लागली की नाही हे बघायला केस लागतात. स्वतःच्या हातावरचे संपले, की आबांचा शेजारधर्म सुरू होतो. मेहुण्याच्या लग्नात भर मे महिन्यात मी लांब बाह्यांचा शर्ट घालून घाम पुसत होतो, तो याच शेजारधर्मापायी.

आबा पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. सून अमेरिकेत असल्यामुळे आबांची पंचाईत झाली. त्यांनी वस्तरे धरले.

सकाळी खिडकीच्या गजाला चामडी पट्टा अडकवून आबा वस्तरा परजायला लागले, की गल्लीत गजर लावायची गरज उरत नाही. पुढे जी दाढी चालते, ती आटोपेपर्यंत आमचा चहा, आंघोळ, पेपर सगळं होतं. मधेच कुणी हाक मारली, तर त्यांच्या पत्नी, माई, आतून ओरडतात, "त्यासले आत्ते बोलावू नका! मान कापाई जाई!"

एवढा थाट करूनही आबांच्या हनुवटीवर रोज कुठे ना कुठे तुरटी फिरवावी लागतेच. पण ते 'कापलं' म्हणत नाहीत. म्हणतात, "पोलाद बोलनं." काही दिवशी पोलाद फारच बडबड करतं.

एकदा माईंनी अडवलं. "आज शनवार शे. दाढी करतस का कोनी?"

"शनवार आपला शे," आबा साबण फेसत म्हणाले, "पोलाद अमेरिकानं शे. त्याले काय माहीत?"

आता हे पोलाद शहाद्याला येतं कसं? तर हर्षल आणतो. हर्षल हा आबांचा एकुलता एक मुलगा. तिकडच्या जुन्या बाजारांत फिरून तो वस्तरे शोधतो. टपालाने पाठवतो म्हणाला, तर आबांनी सांगितलं, "टपालमा धार मरस." कुणाबरोबर धाडतो म्हणाला, तर "लोकस्ना हातनं पोलाद बिघडस." तेव्हा त्याने स्वतः यायचं आणि स्वतः आणायचा. शिवाय धारदार वस्तू आमच्याकडे हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. त्यामुळे दारात माईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, की हर्षल आधी वस्तरा ओट्यावर ठेवतो, आबा तो उचलतात आणि मगच दोघं एकमेकांकडे नीट बघतात. आबांच्या पेटीत जेवढे वस्तरे, तेवढ्याच वेळा पोरगा घरी आलेला आहे. शाळेत मुलांना गणित शिकवूनही हा हिशेब माझ्या डोक्यात फार उशिरा शिरला.

यंदा हर्षलला रजा मिळेना. त्याने वस्तरा एका मित्राबरोबर सुरतेला पाठवला आणि तिथून तो ट्रॅव्हल्सच्या गाडीने पार्सल होऊन आला. आबांनी मला बोलावलं. माझ्यादेखत पुडकं सोडलं, वस्तरा उलटासुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. ना पट्टा काढला, ना माझा हात मागितला.

"सर, हाऊ खोटा शे."

मी पाहिलं. पात्याच्या बुडाशी कारखान्याचं नाव होतं आणि त्याखाली यू. एस. ए. ही तीन अक्षरं चक्क कोरलेली होती.

"आबा, इथे तर..."

"खोटा शे म्हनी सांगनं ना!"

दुसऱ्या दिवसापासून खिडकीतला आवाज बंद झाला. पेटीत बाकीचे वस्तरे होते, पण "त्यासले हात लावानं मन होत नई," म्हणाले. बघता बघता गालांवर पांढरे खुंट उभे राहिले. आबा आजारी आहेत, अशी कॉलनीत कुजबुज सुरू झाली. मला त्यांच्या हट्टाचा रागही येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

रविवारी हर्षलचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होतो.

"आबा, हाई काय? दाढी कसाले वाढावी?"

"तू धाडेल वस्तरा खोटा शे. बदलीसन आन."

"फोटो धाडा. मी दुकानवालाले इचारस."

"फोटोमा पोलाद समजत नई. तू सोता लई ये."

हर्षल वैतागला. "आबा, मी वाचीसन लिधा तो! त्यावर लिखेल शे!"

तेवढ्यात माई पदराला हात पुसत आल्या. ही पेटी एक दिवस गोमाई नदीत बुडवीन, अशी धमकी देणाऱ्या त्या याच माई. "काही लिखेल नई त्यावर," त्या ठणकावून म्हणाल्या. "मी सोता वाचं."

माईंना इंग्रजीतला ए सुद्धा येत नाही. हे त्यांच्या मुलाइतकं कुणाला ठाऊक असणार?

"सर शेतस का तठे?" हर्षल म्हणाला. "सरले द्या फोन."

फोन माझ्या हातात आला. म्हातारा-म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशी. मी दुसऱ्या हाताने वस्तरा उचलला, ती तीन अक्षरं अंगठ्याखाली दाबली आणि म्हणालो, "नाही रे हर्षल. कोरा आहे."



"बरं, सर," हर्षल म्हणाला. "आबास्ले सांगा, दुसरा लई येस मी. दिवाळीले."

आबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "पारखीसन आन म्हना," असं काहीतरी पुटपुटले. माईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"वस्तरा ऱ्हावू दे, भाऊ," त्या हर्षलला म्हणाल्या. "तू कितला दिन ऱ्हाशी, ते सांग."