नितळ बियर

बियर करणं म्हणजे काय मोठंसं! जिची क्विन्सच्या फळांची जेली शेतकी प्रदर्शनातून दरवर्षी पहिल्या नंबरची निळी फीत घेऊन घरी येते, त्या बाईला एक डबा फोडून पिंपात ओतता येणार नाही? घरी बियर करायच्या किटमध्ये असतं तरी काय हो! काकवीसारखा दाट अर्क, यीस्टची पुडी आणि तोटी लावलेलं प्लॅस्टिकचं पिंप. पोरखेळ!

खरं सांगायचं तर मला बियर नकोच होती. मला नेव्हिल स्वयंपाकघराबाहेर हवा होता.

नेव्हिल म्हणजे माझा नवरा. जन्मभर त्याने आमच्या गावच्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या कोठारावर, वजनकाट्याच्या केबिनीत बसून लोकांचा गहू मोजला. यंदा सुगी संपली, कंपनीने काट्यावर यंत्र बसवलं आणि नेव्हिलला घरी बसवलं. निरोपाचं जेवण देतो म्हणाले, तर हा म्हणाला, "यंत्रालाच वाढा!" तेव्हापासून पब बंद, मित्रांचे फोन बंद. सकाळी उठायचं, टेबलाशी बसायचं आणि मी काय करते ते बघायचं.

"चहाला एवढं पाणी कशाला?"

"दोघांना."

"दोन कपांना दोनच कप लागतं."

माणूस काट्यावरून उतरला होता, पण काटा काही माणसातून उतरला नव्हता! एकदा तर केकसाठी काढलेलं माझं पीठ त्याने पुन्हा तोलून पाहिलं. मी अंडी फोडत राहिले. भांडायला ताकद लागते.

म्हणून ते किट आणलं, आणि तेही गव्हाच्या बियरचं. "तूच मोजलेला गहू असेल म्हण," मी म्हटलं. त्याने डबा हातात तोलला आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"जमली, तर केल्विनला आणि मंडळींना बोलावीन," तो म्हणाला. केल्विन म्हणजे काट्यावरचा त्याचा जोडीदार. "पण जमेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही, नोरीन. आणखी एकदा हसं नकोय मला."

त्याच्या त्या 'जमली तर'वर माझा सगळा जीव टांगला गेला.

आता आमच्या विमेराचा जानेवारी, म्हणजे ऐन उन्हाळा! अंगणात कोंबडीने घातलेलं अंडं उकडूनच निघावं असं ऊन. दुकानदाराने बजावलं होतं, पिंप थंड ठेवा, नाहीतर यीस्ट पिसाळतं. घरात कूलर एकच, तोही आमच्या झोपायच्या खोलीत. तेव्हा पिंप तिथे गेलं. पिंपाखाली पाण्याचा टब, अंगावर ओले टॉवेल, समोर पंखा! पलंग भिंतीला उभा करावा लागला. मी बैठकीतल्या सोफ्यावर आले, नेव्हिल घडीची खाट घेऊन व्हरांड्यात गेला.

खोलीला बाळंतिणीच्या खोलीची कळा आली. पडदे ओढलेले, दार लोटलेलं, आत 'बुडुक... बुडुक...' आणि नेव्हिल पावलं न वाजवता टॉवेल बदलतोय.

"संसारात एकदा तरी माझा ताप असा बघितला होतास का रे?" मी विचारलं.

"तुझ्या तोंडातून फेस येत नव्हता."

"यायला लागलाय आता!"

तो हसला नाही, पण हसायच्या बेतात होता. मला तेवढंही पुष्कळ होतं.

अशात कोरल आली. कोरल आमची शेजारीण. तिची स्वयंपाकघरातली खिडकी आमच्या व्हरांड्यावर रोखलेली असते, तोफेसारखी. हातात फडक्यात गुंडाळलेलं भांडं, चेहरा प्रेतयात्रेचा.

"मी काही विचारणार नाही हं, नोरीन."

"बरं."

"अगदी काहीसुद्धा नाही." मग तिने खाटेकडे बघितलं. "बाहेर झोपतो?"

नेव्हिलची ताकीद आठवली. "हो, म्हणजे... खोलीत जरा अडचण आहे."

"कळलं," कोरलने माझा हात दाबला. "अडचण बऱ्याच घरांत असते. टूना आहे. गरम करून घे."

आमच्या गावात कुणी मेलं, मोडलं किंवा कुणाचं फाटलं की त्या घरी चीज घालून भाजलेला टूना-पास्ता पोहोचतो. दुःखाला इथे माशाचा वास असतो! दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या बायकांकडून दोन भांडी आली, तिसऱ्या दिवशी पोस्टातल्या मंडळींकडून एक. तरी मला वाटत राहिलं, उन्हाळ्यात स्वयंपाक नको म्हणून माणसं किती जपतात! दमलेल्या बाईला आयतं जेवण मिळालं की तिची अक्कल सुट्टीवर जाते.

शेवटी बुडुक-बुडुक थांबलं. नेव्हिल शीळ घालत (शीळ!) फुटबॉल क्लबातून रिकाम्या बाटल्या आणायला गेला. मी तोटी सोडली, ग्लास भरला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

गढूळ! भांडी विसळल्यावर उरतं ना, तसं पाणी!

जेलीच्या स्पर्धेत परीक्षक बरणी उजेडात धरतात आणि जरा धुरकट दिसली तरी बाजूला सारतात. ही त्याने केल्विनपुढे ठेवायची? पण मी निळ्या फितीची बाई! स्टूल उलटं केलं, चार पायांना मलमलचं फडकं बांधलं, खाली बादली ठेवली आणि अख्खं पिंप त्यातून गाळलं. गढूळच. पुन्हा गाळलं. पुन्हा! खांदे निखळायची वेळ आली. मग आठवलं, सूप नितळ करायला अंड्यातलं पांढरं घालतात. घरातली होती नव्हती ती अंडी फोडली, घुसळून पिंपात ओतली, ढवळलं, परत गाळलं. आणि काय सांगू! नितळ! म्हणजे जवळजवळ. निदान पलीकडचा माणूस ओळखता आला असता.

माणूस पलीकडेच उभा होता. बाटल्यांचे क्रेट घेऊन.

"हे काय केलंस?"

"नितळ केली!"

त्याने घोट घेतला. गाळण्यात फेसही गेला होता, बुडबुडेही. भिजलेल्या खोक्याची चव, त्यात अंड्याचे धागे.

"नोरीन," तो हळूच म्हणाला, "गव्हाची बियर गढूळच असते."

"सगळीच?"

"सगळीच."

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एकही बाटली न वाजवता क्रेट खाली ठेवले.

"मग केल्विनला..."

"राहू दे."

पिंप स्वयंपाकघरात हललं, खोली मोकळी झाली, पलंग आडवा झाला, पण नेव्हिल आत आला नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. मी पायरीवर बसून त्याच मलमलीच्या फडक्याने डोळे पुसले आणि डोळ्यांतही अंडं गेलं. कोरलच्या खिडकीतला पडदा हलला.

दुसऱ्या दिवशी, ऊन कलता कलता, फाटकाशी एक ट्रक थांबला. मागून दुसरा. केल्विन आणि सायलोवरचे तिघे गडी उतरले. प्रत्येकाच्या काखेत थंड बियरचं खोकं. मी जाळीच्या दाराआड उभी.

"आम्हाला कोरलने सांगितलं गड्या," केल्विन खाटेच्या कडेला टेकला. "आधीच यायला हवं होतं."

"काय सांगितलं?"

"हेच की, बायकोने खोलीबाहेर काढलंय. त्यात लाजायचं काय? मलाही माझ्या ट्रेसीने एकदा मेंढ्यांच्या गोठ्यात झोपवलं होतं."

"एकदा?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे खिंकाळले.

आता सांगेल, मला वाटलं. आता खुलासा करेल. नेव्हिलने जाळीतून माझ्याकडे बघितलं. मग हातातला कॅन उघडला.

"जातील हेही दिवस," त्याने उसासा टाकला.

लबाड कुठला!

मी दाराच्या मुठीला हात घातला. तेवढ्यात केल्विन म्हणाला, "तुझं ते यंत्र! काल ब्रूसचा कुत्रा गाडीतल्या गव्हावर झोपला होता, तर यंत्राने कुत्र्याच्या वजनाचेही पैसे दिले!"

"ब्रूसचा कुत्रा?" नेव्हिल उठून बसला. "त्याला तर मी गाडी काट्यावर यायच्या आधीच उतरवायचो! शिटी मारली की उडी!"

"म्हणून तर म्हणतोय. यंत्राला शिटी कुठे येते?"

आणि नेव्हिल हसला. पत्रे हलावेत असा. सुगीनंतर पहिल्यांदा.

मी मुठीवरचा हात काढून घेतला. टूना गरम करून बाहेर नेला. चौघांनी माझ्याकडे चेटकिणीकडे बघावं तसं बघितलं आणि मुकाट्याने ताटल्या घेतल्या. नेव्हिलने पिंपातून जग भरून आणला. "ही नोरीनने केलीय," तो म्हणाला, आणि आवाजात चक्क मान ताठ होती. प्रत्येकाने एकेक घोट घेतला. मग चौघांनी एकदमच टूनाचा मोठा घास तोंडात कोंबला.

जाताना केल्विन पायरीशी थांबला. टोपी काढली.

"नोरीन, माझं ऐक. घे त्याला आत. चांगला आहे गं तो."

खरं काय ते सगळं माझ्या ओठांवर आलं. मागे नेव्हिल अजून त्या कुत्र्यावर हसत होता.

"बघते," मी म्हटलं.

केल्विन फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"आणि भांडण असलं तर असू दे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "पण ती बियर त्याला पाजू नकोस. माणसाने सोसायचं तरी किती!"