पाटकर काका आणि झोपलेले लॅपटॉप

पाटकर काका लॅपटॉप विकत घेण्याआधी तो हुंगतात. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमागे भंगाराचं एक दुकान आहे. तिथल्या ढिगातून एखादा जाडजूड, जुना लॅपटॉप उचलायचा, पंख्याच्या जाळीला नाक लावायचं, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं. हा ऑफिसातला, नुसता एसीचा वास. हा घरातला, आत फोडणी बसलीय. दुकानदार पहिल्यांदा हसला होता. आता तो स्वतःच मशीन त्यांच्या नाकाशी धरतो. फोडणीवाले लॅपटॉप काका लगेच घेतात. ऑफिसातले बहुतेक पुन्हा ढिगात जातात.

काका आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वय सत्तरीच्या पुढे. नोकरीत होते तोवर टाइपरायटर दुरुस्त करायचे. काकू गेल्यापासून एकटेच असतात. त्यांच्यावर लिहायला बसलो तेव्हा फक्त गमतीच लिहायच्या असं ठरवलं होतं. पण माझ्या वडिलांचा लॅपटॉप मी त्यांना न विचारता भंगारात दिला होता. त्याचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत. त्यात माझी बाजू चांगली नाही, हे आधीच सांगतो.

तर काका. त्यांच्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर जेवण नसतं, उघडलेले लॅपटॉप असतात. स्क्रू ठेवायला काकूंचं इडलीपात्र आहे. एकेका खळग्यात एकेका कोपऱ्याचे स्क्रू, म्हणजे परत लावताना चुकत नाही. मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात ते शाळेतल्या खोडरबरानं घासतात आणि फुंकर मारून परत बसवतात. दहातले चार त्यावरच सुरू होतात. उरलेल्या सहांबद्दल कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं: "मेला नाही रे, झोपलाय."

आतमध्ये आधीच्या मालकाच्या फायली सापडल्या तर काका त्या उघडत नाहीत. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नसतं, म्हणतात. सगळं पुसून टाकतात, एखादी हलकी ऑपरेटिंग सिस्टिम घालतात आणि मशीन कुणाला तरी देऊन टाकतात. पैसे घेत नाहीत. मात्र महिन्याभरानं चौकशीला जातात. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना एक दिला होता. काकांनी दारात उभं राहून "कसा आहे?" विचारलं. बाईंना वाटलं नवऱ्याबद्दल विचारतायत. त्या म्हणाल्या, आता बराय, पण रात्री फार आवाज करतो. काका पंखा साफ करायचा ब्रश घेऊन परत आले.

आता माझं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणं अडखळायला लागलं. त्यानंतर ते डाव्या हाताच्या एका बोटानं लॅपटॉपवर रोज काहीतरी मराठीत टाइप करायचे. लॅपटॉप बारा-तेरा वर्षांचा होता. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात दादांना डुलकी लागायची. एका दिवाळीला मी त्यांच्यासाठी टॅबलेट आणला आणि साफसफाईत जुनं मशीन खाली आलेल्या भंगारवाल्याला दिलं. विचारलं नाही. त्यात त्यांचं लिहिलेलं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. टॅबलेटच्या काचेवर दादांचं बोट थरथरायचं आणि एका अक्षराची तीन उमटायची. दोन दिवसांनी जेवताना त्यांनी विचारलं, माझा कुठाय? मी म्हणालो, "दादा, तो गेलेलाच होता."  त्यांच्या ताटातला भात तसाच राहिला.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी दादा रोज चार वाजता खाली पाटकरांकडे जायला लागले. कठडा धरून, एकेक पायरी. मला ते आवडत नव्हतं. एकदा जिन्यात काकांना गाठून मी स्पष्ट सांगितलं, की दादांना धुळीचा त्रास होतो, तुमच्या त्या भंगारात त्यांना बसवू नका. काका "बरं" म्हणाले. दादा जायचे थांबले नाहीत. आमच्याकडे आणि काकांकडे कामाला एकच बाई येते. पुढे तिच्याकडून कळलं, की काका रोज साडेतीनला स्वतः ओल्या फडक्यानं अख्खा हॉल पुसून काढतात.

दादा मागच्या वर्षी गेले. महिना उलटल्यावर काकांनी मला खाली बोलावलं. टेबल रिकामं होतं. मध्ये एकच लॅपटॉप, हुबेहूब दादांचा.

"बस," काका म्हणाले. "मी तुझ्या वडलांना फसवलंय. ते सांगायचं होतं."

मग त्यांनी सांगितलं. मी मशीन दिल्यावर दादा त्यांच्याकडे आले होते. काका आठवडाभर भंगाराची दुकानं फिरले, पण दादांचा लॅपटॉप तोवर फुटून त्याचे तुकडे झाले होते. मग त्यांनी तसाच दुसरा शोधला, दोन बंद मशीनचा मिळून एक चालू केला. दादांच्या लॅपटॉपवर गणपतीचा एक स्टिकर होता. तसा मिळवायला तीन देवळांबाहेरची दुकानं पालथी घातली. दादांना सांगितलं, तुमचाच सापडला, फक्त आतलं सगळं पुसलं गेलंय.

"घरी का नाही दिलात?" मी विचारलं.

काका खिडकीकडे बघायला लागले. "तेच म्हणाले. घरी नको. सुधीर पुन्हा भंगारात देऊन टाकेल."

काका हे बोलले अगदी साधेपणानं. मला मात्र मान वर करवेना.

"आता हा तुझा," काका म्हणाले. "आत काय आहे मी बघितलेलं नाही. एवढंच, की जाईपर्यंत त्यांना तो आपलाच वाटत होता. तेवढं खोटं माझ्याकडे राहिलं."

मी लॅपटॉप सुरू केला. एकच फाइल होती. तिच्या सुरुवातीलाच, पहिल्या दिवशी दादांनी, एका बोटानं, किती वेळ लावून कोण जाणे, लिहिलं होतं. मी ते काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"पाटकर म्हणतात हा माझाच. माझ्याच्यावर गणपती डावीकडे होता. याच्यावर उजवीकडे आहे. बोललो नाही. माणसानं फार मेहनत केली आहे. सुधीरलाही काही बोललो नाही. त्याला ऑफिसात त्रास आहे."



काकांनी झाकण अर्धवट मिटून स्टिकर पाहिला. त्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि टायपिंग तर दहा मिनिटांचं. बोट दुखायचं त्यांचं." काका थांबले. "मग रोज सहा वाजेपर्यंत बसायचे कशाला?"

त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. दोन वर्षं हा माणूस समजत होता, की दादा लॅपटॉपसाठी येतात. मला उत्तर समोर दिसत होतं. त्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या, आणि दुसरीवर पाठ टेकायला एक उशी ठेवलेली होती. पण ते मी सांगावं असा माझा हक्क नव्हता.

काका उठले. आत जाऊन त्यांनी गॅस पेटवला, आणि तिथूनच मला विचारलं, की चहात साखर किती घालू. वीस वर्षं एकाच इमारतीत राहून त्यांना ते विचारावं लागलं.