कमरेएवढी तोटी

शेजूळ साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका नगरसेवकाच्या अंगणातल्या खड्ड्यात बसून चहा पीत होते.

नगरपालिकेत रुजू व्हायचा माझा तो पहिला दिवस. पाणीपुरवठ्याचे साहेब कुठं भेटतील म्हणून विचारलं, तर शिपाई म्हणाला, "खड्ड्यात हायत." मला वाटलं चेष्टा करून राह्यला. मी धावड्याहून आलेलो, बी.ए. झालेला घराण्यातला पहिला माणूस, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. जाऊन पाहतो तर खरंच खड्डा. छातीइतका खोल, उतरायला दगडी पायऱ्या, आणि तळाशी नळाच्या तोटीला खेटून मांडी घालून बसलेले साहेब. वर नगरसेवक हात जोडून उभे. त्यांच्या बायकोनं पायरीवर वाकून कपबशी दिलेली.

"वर या साहेब, लोक बघून राह्यले."

"बघू द्या. मुरूम आणलाय ना? टाका. मी बसलोय तसाच टाका."

शेवटी नगरसेवक खड्डा बुजवायला कबूल झाले, तेव्हा साहेब वर आले. मला पाहून म्हणाले, "तुम्हीच का ते नवीन बी.ए.? धरा हे फावडं." त्या दिवसापासून माझं नाव बी.ए. पडलं. कोणाला ते टोमण्यासारखं वाटेल. मला कधी वाटलं नाही. ती पदवी मी मिळवलेली होती आणि कोणी दिवसभर हाक मारून तिची आठवण करून दिली तर माझी हरकत नव्हती.

खड्ड्याची भानगड सांगायला पाहिजे. आमच्या गावात नळाला दाब कमी. तोटी जितकी खाली, तितकं पाणी जास्त. म्हणून लोक अंगणात खड्डा खणतात आणि तोटी त्यात उतरवतात. एकानं हातभर खणलं की शेजारी दोन हात खणतो. ज्याचं घर गल्लीच्या टोकाला, त्याच्या तोटीतून मग नुसती हवा येते. गावातली सगळी भांडणं साहेबांच्या मते याच खड्ड्यातून निघालेली होती. ते कुणाच्याही घरी गेले की आधी अंगणात जायचे, वाकून तोटी बघायचे आणि मगच रामराम करायचे. एका लग्नात तर मांडवाखाली दबलेला खड्डा त्यांनी हुडकून काढला. वरबाप पाया पडला, म्हणाला, "साहेब, अक्षता तर पडू द्या."

माणसाची जात, गाव, नातं ते विचारत नसत. विचारायचे, "तुमची तोटी कुठं येती?" त्यांच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं, उताराची आणि चढाची. उताराच्या माणसाकडं पाणी आपोआप जातं. चढाच्या माणसाकडं न्यावं लागतं. आमच्या ऑफिसातल्या कारकुनानं मुलीसाठी आलेलं स्थळ त्यांना दाखवलं. घर, शेती, पोरगा, सगळं ऐकून साहेब म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पण गल्ली चढाची हाय. पोरीच्या मानेचा विचार करा." स्थळ मोडलं. कारकुनाची बायको पुढं वर्षभर साहेबांना शिव्या घालत होती.

त्यांच्या आधी गावात पाणी ज्याचा आवाज मोठा त्याला मिळायचं. साहेबांनी गल्ल्यांच्या पाळ्या लावल्या. पाळीचा कागद चौकात चिकटवला आणि पाणी सोडणाऱ्या माणसांना सांगितलं, "कागदाबाहेर कोणी चावी फिरवली तर उद्या त्याच्या हातात चावी न्हाई." आणि पाळी मोडायला आलेल्याला ते स्वतः भेटायचे. कापडाच्या पेढीवाले शेठजी एकदा मिठाईचा डबा घेऊन आले. पिढ्यानपिढ्या इथंच राहिलेली माणसं, बोलणं मोठं गोड. साहेबांनी डबा झाकूनच परत दिला. "मिठाई खाल्ली की तहान लागती, शेठ. आन् आमच्या गल्लीची पाळी परवा हाय." टंचाईच्या उन्हाळ्यात दुसऱ्या तालुक्याची माणसं त्यांच्याकडं पाळ्या कशा लावायच्या ते समजून घ्यायला यायची. साहेब त्यांना नकाशा दाखवत नसत. हातात फावडं देत.

साहेब स्वतः राहायचे ते मात्र चढाच्या गल्लीत, अगदी टोकाला. त्या गल्लीत पाइपलाइनच नव्हती. खाली वळणावर एक सार्वजनिक नळ होता, त्यावरून बायका घागरी वर न्यायच्या. त्यात शेजूळकाकूही असायच्या. पाणीपुरवठ्याच्या साहेबाची बायको डोक्यावर घागर, कडेवर कळशी घेऊन चढ चढते, हे बघायला नवीन माणूस थांबायचा. दरवर्षी वाढीव लाइनसाठी पैसे मंजूर व्हायचे आणि दरवर्षी साहेब आपली गल्ली शेवटी टाकायचे. मी एकदा म्हणालो, "साहेब, यंदा तरी घ्या."

"माझ्या गल्लीत आधी लाइन गेली तर गावाला काय सांगू, बी.ए.?"

"काकूंना काय सांगता मग?"

"तिला माहीत हाय," ते म्हणाले.

गल्लीतल्या बायका काकूंना टोचायच्या. "बाई, तुमचा मालक साऱ्या गावाला पाणी पाजतो, आन् तुम्हाला?" काकू हसून सोडून द्यायच्या. मग एका हिवाळ्यात सांडलेल्या पाण्यावरून त्यांचा पाय घसरला. घागर-कळशीसकट उतारावर पडल्या. निरोप गेला तेव्हा साहेब कोणाच्या तरी खड्ड्यात होते. मातीच्या पायांनी तसेच दवाखान्यात आले. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, मणका दुखावलाय, आता वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. परभणीची लेक येऊन आईला घेऊन गेली. जाताना काकू एवढंच म्हणाल्या, "दारात पाणी आलं की कळवा. येते."

साहेबांनी ते शब्द धरून ठेवले. लाइन पुढं आणली मात्र नाही. काकू वर्षामागून वर्षं परभणीला. साहेब हातानं भाकरी थापायचे आणि ती करपलेली भाकरी डब्यात घेऊन ऑफिसात यायचे. विचारलं तर म्हणायचे, "रिटायर झालो की घेतो कनेक्शन. मंग कोणी बोलायचं न्हाई."

रिटायर झाले. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. साहेब उठून म्हणाले, "खड्डे करू नका," आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या साहेबांच्या काळात त्या गल्लीत लाइन गेली. शेजूळ साहेबांनी रीतसर अर्ज केला, नंबर येईपर्यंत थांबले. आणि नंबर आला त्या आठवड्यात उठून परभणीला गेले. काय झालं ते लेकीनं मला फोनवर सांगितलं. "बाबा आले, चहा घेतला, आईला भिंतीपाशी उभं केलं आन् खिशातून टेप काढून जमिनीपासून कमरेपर्यंत माप घेतलं. मंग लगेच स्टँडवर गेले. आई म्हणून राह्यली, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला का बघा ना जरा."

परिणाम झालेला नव्हता. साहेबांना तोटी कमरेएवढ्या उंचीवर पाहिजे होती, तिच्याखाली कळशी ठेवायला दगडी कठडा, म्हणजे काकूंना वाकावं लागू नये. सलीम मिस्त्री, ज्यांनी निम्म्या गावाचे नळ जोडले, ते डोकं खाजवत म्हणाले, "साहेब, लोक खाली चालले, तुम्ही वर?"

"माझ्या हिशेबानं चढतं पाणी इथपर्यंत. बराबर बसवा."

काकू आल्या. भिंतींना चुना दिलेला, नव्या कळश्या घासून पालथ्या घातलेल्या. साहेब मला म्हणाले होते, "बी.ए., सकाळी या. पाणी येणार हाय." मी गेलो. काकू बाजेवर बसलेल्या, सलीम मिस्त्री पान्हा घेऊन उभे, साहेब तोटीसमोर.

पाळीची वेळ झाली. तोटी फुसफुसली. गढूळ पाण्याची एक चूळ टाकली आणि गप्प झाली. साहेबांनी तोटी बंद केली, पुन्हा उघडली. मिस्त्रींनी खाली घोट्याजवळचा जोड सैल केला तर तिथून बारीक धार लागली.

"पाणी हाय साहेब. वर चढंना."

"चढायला पाहिजे. माझ्या हिशेबानं..."

"तुमच्या हिशेबात खड्डे न्हाईत, साहेब," मिस्त्री हळूच म्हणाले. "तुम्ही गेल्यावर खालच्या गल्ल्यांत पुन्हा झाले. त्या नगरसेवकाचा तर आधीपेक्षा खोल हाय. आता लाइटसुद्धा लावली त्याच्यात."

साहेब आता फावडं घेऊन निघतील असं मला वाटलं. ते निघाले नाहीत. दारातून खाली उताराकडं बघत म्हणाले, "सगळ्यांनीच?"

"सगळ्यांनीच."

मिस्त्री म्हणाले, "दोन हात खणतो. घंट्याभरात तोटी खाली घेऊ. काय खर्चा येत न्हाई."

"खड्ड्यात उतरून कळशी काढायला जमत असतं," काकू बाजेवरून म्हणाल्या, "तर मी कशाला गेल्ते परभणीला?"

साहेबांनी हात पँटला पुसले. काकूंकडं न बघता म्हणाले, "तू नको उतरू. मी भरीन."

"तुम्ही?"

"हाव. रोज भरीन."

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नाही. फार दिवसांनी भेटलेल्या माणसाकडं आपण जसं ओळख पटवत बघतो, तसं.

"हे तव्हा म्हणले असते," त्या म्हणाल्या, "तर मी गेलेच नसते."

मिस्त्रींनी जोड आवळला, पिशवीत पान्हे भरले आणि मजुरी न घेता निघाले. मीही निघालो.

काकू दोन दिवस राहिल्या. तिकडं नातवाची शाळा, लेक नोकरीला जाते, त्यांच्यावाचून आता तिथं अडत होतं. सगळं खरंच होतं. स्टँडवर मी बॅग घेऊन गेलो होतो. काकू खिडकीशी बसल्या. साहेब खाली उभे. बस सुरू झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, तोटी खाली घ्या. तुम्हाला तरी पाणी मिळंल."

"घेतो," साहेब म्हणाले. पत्र्यावर हात ठेवून गेटपर्यंत बसबरोबर चालत गेले. गेटवर बस वळली आणि हात सुटला.

तोटी त्यांनी खाली घेतली नाही. ती आहे तिथंच आहे, कोरडी. पाळीच्या दिवशी साहेब खाली वळणावरच्या सार्वजनिक नळावर जातात. बायकांच्या मागं रांगेत उभे राहतात. बायका त्यांना टोचत नाहीत, पुढं व्हा म्हणतात. ते होत नाहीत. एखादी म्हणते, "साहेब, खाली घ्या ना ती तोटी. घरातच येईल पाणी."

"बघू," साहेब म्हणतात आणि घागर खांद्यावर घेऊन निघतात. मध्ये एकदा थांबतात, खांदा बदलतात.