थँक्यूकाकांचा प्रश्न

माझा पाय एका गृहस्थाच्या पायावर पडला. सॉरी म्हणायला वळलो, तर तेच मला म्हणाले, "थँक्यू हां." कुळगावातल्या नव्या बिल्डिंगमध्ये आमचं सामान चढत होतं तो दिवस. जिना अरुंद, माझ्या खांद्यावर गादीची वळकटी, आणि चूक सर्वस्वी माझी. वर जाऊन मी बायकोला सांगितलं, की दुसऱ्या मजल्यावरचा माणूस एक तर टोमणे मारतो किंवा त्याचा एखादा स्क्रू ढिला आहे.

दोन्ही अंदाज चुकले. रामचंद्र जाधव हे अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले, बायको वारलेली, एकटे राहणारे साधे गृहस्थ होते. सबंध बिल्डिंग त्यांना थँक्यूकाका म्हणायची.

आपल्यात कोणी कोणाला थँक्यू म्हणत नाही. आईनं भाकरी वाढली म्हणून थँक्यू म्हटलं तर ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. काका मात्र सकाळी बुद्धवंदना आटोपली की जे सुरू व्हायचे ते रात्री दार लावेपर्यंत. दूधवाल्याला थँक्यू, पेपरवाल्याला थँक्यू, पंप चालू करणाऱ्या वॉचमनला तर दोनदा. रिक्षावाल्याला उतरताना म्हणायचेच, पण "नाय जायाचं" म्हणून निघून गेलेल्या रिक्षावाल्यालाही मागून म्हणायचे. राँग नंबर लागला तर समोरच्याला म्हणत, "असू दे, फोन केलात, थँक्यू हां." एकदा दिवसभर लाइट नव्हते. आम्ही सगळ्यांनी फोन करून बोर्डाच्या माणसाचा उद्धार केला. शेवटी काकांनी फोन घेतला आणि म्हणाले, "साहेब, काल दिवसभर होते, त्याचं थँक्यू राहिलं होतं."  याला काय उत्तर द्यायचं हे पलीकडच्या बिचाऱ्याला शिकवलेलं नसावं.

तिसऱ्या मजल्यावरच्यांचं म्हणणं होतं, की हे त्यांच्या धर्मातलं असेल. त्यावर तळमजल्यावरच्या साळवेबाई भडकल्या. म्हणाल्या, "आमच्यात असलं काही नाही हां. भाऊ आधी असे नव्हते. सहा-सात वर्षांतलं आहे हे." आणखी एक गोष्ट होती. दर तीन आठवड्यांनी, मंगळवारी, काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा घेऊन उल्हासनगर कॅम्प एकला जायचे आणि संध्याकाळी परतायचे. कॅम्पात त्यांची मुलगी दिलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण मुलीकडे कोणी असं कॅलेंडर बघून जातं का? तिथे काकांचं दुसरंच काही असणार, अशी कुजबुज चालायची. ती कुजबुज चालवण्यात मी पुढे होतो, हे आता लिहिताना हात जड होतो.

माझ्याविषयी सांगायला हवं. मी उल्हासनगरच्या एका शाळेत सायन्स शिकवायचो. मला बोलायला फार आवडतं. वर्गात पोरं पळून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे आपण छान बोलतो असा माझा समज पक्का झाला होता. शाळेत दरवर्षी रक्तदान शिबिर व्हायचं, त्यातही माइक माझ्याच हातात. पालकांना मी असं काही चेव आणून बोलायचो, की माणसं रांग लावून कॉटवर पडायची. मी स्वतः मात्र एकदाही पडलो नाही. "शुगर बॉर्डरला आहे," असं सांगायचो. शुगर अगदी ठणठणीत होती. मला सुईची भीती वाटते.

त्या वर्षी टीव्हीवर रोज वांग्यावरून भांडणं चालली होती. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक वांग्यात घालायचं, म्हणजे अळी लागत नाही, फवारणी वाचते. असं वांगं आणावं की नाही यावर देश पेटला होता. अशा वेळी मी गप्प बसणं शक्य नव्हतं. रविवारी गच्चीवर सतरंज्या टाकून मी बिल्डिंगला व्याख्यान दिलं. नंतर वांग्याचं भरीत आणि भाकरी ठेवली होती, म्हणून गर्दीही झाली.

आधी चेअरमन भोईर उठले. बिल्डिंगची जमीन मुळात त्यांचीच, आणि मागे अजून थोडी वाडी राखलेली. ते म्हणाले, "सर, त्या वांग्याचे परागकण माझ्या वाडीत आले तर मी काय करायचं? वाऱ्याला काय कंपाउंड असतंय?" प्रश्न चांगला होता. उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी पाच मिनिटं बोललो.

मग काका उठले. हात जोडून, आधी माझं थँक्यू, सतरंज्या टाकणाऱ्यांचं थँक्यू. लोक हसायला लागले. काका थांबले आणि हळूच म्हणाले, "सर, हे माणसात करता येईल का? म्हणजे रक्तात जे बिघडलेलं असतं ते काढायचं, आणि चांगलं घालायचं?"

मी म्हणालो, "काका, तुमच्यातलं थँक्यू काढून काय घालू, तेवढं सांगा."

गच्ची दणाणली. हशा मिळाला की माझा तोल जातो. मी पुढे सुरूच ठेवलं. वांग्याची गोष्ट वेगळी, माणसात लुडबूड करू नये, वगैरे. आणि मग हे वाक्य म्हणालो, ते मी आजही विसरू शकत नाही. "निसर्ग फार हुशार आहे. सदोष माल तो आपला आपणच बाद करतो." टाळ्या पडल्या. काका "थँक्यू हां सर" म्हणाले आणि खाली बसले. भरीत न घेता ते केव्हा गेले ते मला कळलंही नाही.

महिनाभरानं आमच्या शिबिराचं मानपत्र आणायला मी उल्हासनगरच्या हॉस्पिटलात गेलो. रक्तपेढी खाली आणि ऑफिस वर. मंगळवार होता. ऑफिसातून मानपत्र घेऊन परतताना एका वॉर्डच्या दारातून इस्त्रीचा शर्ट दिसला. काका स्टुलावर बसले होते. कॉटवर सात-आठ वर्षांची, पिवळट चेहऱ्याची मुलगी डब्यातला शिरा खात होती. तिच्या दुसऱ्या हाताला नळी, आणि वर रक्ताची पिशवी टांगलेली.

मला बघून काका लगबगीनं उठले. ती त्यांची नात, सायली. तिला थॅलेसेमिया होता, म्हणजे रक्तातला जन्मजात दोष. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं, ते तान्ही असल्यापासून. सासरी नणंदेचं लग्न ठरत नव्हतं म्हणून कोणाला सांगायचं नाही, अशी काकांच्या मुलीला ताकीद होती. काकांनी ती आमच्याही बिल्डिंगमध्ये पाळली होती.

माझ्या हातातलं मानपत्र बघून ते नातीला म्हणाले, "हे सर. ह्यांच्या शाळेतून रक्त येतं. सरांना थँक्यू म्हण."

ती म्हणाली. तोंडात शिरा तसाच होता.

मग काका, आपण काही विशेष सांगतोय असा आव न आणता, म्हणाले, "पिशवीवर नाव नसतं ना सर. नुसता नंबर. सिस्टरला लय विचारलं, पण सांगायचं नाही असा नियम आहे. मग म्हटलं, कोणी पण असू शकतं. रिक्षावाला असेल, लाइटवाला असेल. कोणाचं चुकून राहायला नको. सगळ्यांनाच म्हणून टाकायचं."

 तेवढ्यात सायलीनं पिशवीकडे बोट केलं आणि विचारलं, "सर, ह्यात तुमचं पण आहे?"

"असेल," मी म्हणालो. एवढ्याशा मुलीशी खोटं बोललो.

काका मला सोडायला दारापर्यंत आले. तिला ऐकू जाणार नाही इतक्या खालच्या आवाजात म्हणाले, "सर, त्या दिवशीचं, सदोष मालाचं, मी तिला सांगितलं नाही हां. तिला म्हटलंय, सर आधी वांग्यावर करतायत, मग माणसांचं घेणार आहेत. चाललं ना?"

 माफी मागायला तोंड उघडलं, तर ते माझा हात धरून थँक्यू म्हणाले. मला तो हात सोडवूनही घेता येईना.

मी खाली रक्तपेढीत गेलो. तिथल्या मुलीनं फॉर्म पुढे केला, माझ्या हातातलं मानपत्र वाचलं, आणि अदबीनं विचारलं, "सर, याआधी किती वेळा दिलंय?"

"एकदाही नाही," मी म्हणालो.

तिनं पुन्हा एकदा मानपत्राकडे पाहिलं आणि नवी पिशवी काढली. त्या पिशवीवर माझं नाव येणार नव्हतं, हे मला फार बरं वाटलं.