सत्तावीस म्हणजे सत्तावीस!

गेली एकवीस वर्षं मी इमारती मोजते आहे आणि आजवर माझ्या अंदाजाबाहेर एक वीटसुद्धा गेलेली नाही! हे गर्वाने सांगत नाही हं, देवाच्या कृपेने सांगते. पण सांगते.

मी क्वांटिटी सर्व्हेयर. हे ऐकलं की लोक विचारतात, "म्हणजे जमीन मोजता?" नाही हो! आर्किटेक्टला इमारत स्वप्नात दिसते, इंजिनियर ती पडणार नाही एवढं बघतो, आणि ती पुरी होईल का, कधी होईल आणि त्यात काय काय किती किती लागेल, हे आम्ही सांगतो. आम्ही नसलो तर निम्म्या इमारती तिसऱ्या मजल्यावर येऊन "आता काय करायचं?" म्हणत उभ्या राहतील.

स्वभावाने मी मऊ. आवाज कधी चढवत नाही. "भाऊ, हे प्लास्टर आपण पुन्हा मोजू या का?" असं मी हळूच म्हटलं की सहा फुटी ठेकेदाराला घाम फुटतो. माझे नेम रोजचे दोनच. एक, उठल्यापासून सकाळी नऊपर्यंत मौन. दुसरा, कशाचीही नासाडी करायची नाही. ताटात शीत नाही, पेन्सिलीचं थोटूक नाही, काही नाही.

आता गंमत बघा, आमच्या धंद्यात फोडतोडीसाठी शंभरामागे पाच जास्त धरायची पद्धत आहे. मीही धरते. पण दर वेळी तो आकडा लिहिताना मला मनातल्या मनात देवाची क्षमा मागावी लागते. फुटणार म्हणून आधीच मागवायचं? हे काय बोलणं झालं!

तर सासूबाई घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जिना बंद, चालायचं ते वॉकर घेऊन. आमच्या झोपायच्या खोल्या वर. खाली एक अडगळीची खोली होती. मी म्हटलं, "बारा दिवसांत आईंची खोली तयार. शनिवारी सकाळी अकराला त्या घरात पाऊल टाकतील."

माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, तिथेच दवाखान्यात बसलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "राहू दे गं. शनिवारी झालं नसेल तर मी आईला सरळ माझ्याकडे नेते. आमच्याकडे लिफ्ट आहे."

त्या औषधं आणायला गेल्या तशी सासूबाईंनी माझा पदर ओढला. "तिच्याकडे नको गं! तिच्या घरात उशीसुद्धा विचारून हलवावी लागते. मी डॉक्टरांना, नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला सगळ्यांना सांगून बसलेय, माझी सून करतेय, वेळेवर होणार म्हणजे होणार."

झालं! आता हे नुसतं काम राहिलं नाही. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बारा दिवसांचा तक्ता लावला आणि खोली मोजली. तीन मीटर बाय तीन मीटर साठ. साठ सेंटिमीटरची फरशी घेतली तर आडव्या पाच, उभ्या सहा. बरोब्बर तीस! एकही कापायची नाही! मला तर हा वरूनच आलेला इशारा वाटला. त्यातून मागच्या भिंतीला पक्कं कपाट बसणार होतं, तीन फरश्यांएवढं. कपाटाखालची फरशी दिसणार कुणाला? वजा तीन. सत्तावीस!

"अगं, दोन-चार जास्त घे," हे म्हणाले.

"कशाला? फोडायला?"

दुकानदारही म्हणाला, "ताई, न घसरणारी फरशी आहे, या लॉटच्या शेवटच्या तीस उरल्यात. सगळ्याच घेऊन जा."

"सत्तावीस," मी हळू आवाजात म्हटलं, आणि तीन त्याला परत फळीवर ठेवायला लावल्या. घरी येताना मला इतकं पवित्र वाटत होतं!

मिस्त्री शेवटच्या आठवड्यात सोमवारी सकाळी साडेसातलाच हजर. मी मौनात, हातात माळ घेऊन दारात उभी.

"वहिनी, पूर्ण खोलीत लावू ना?"

मी जोरजोरात हात हलवला आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. म्हणजे, तिथे नको, तिथे कपाट आहे.

"असं होय! त्या भिंतीपासून सुरुवात करू. हरकत नाही."

आणि त्यांनी फरशी चिकटवायचा गम कालवायला घेतला! मी दोन्ही हातांनी हवेत कपाट काढून दाखवलं. दारं उघडून दाखवली. आत कपडेसुद्धा ठेवले.

"खिडकी उघडू? उघडतो की!" त्यांनी खिडकी उघडली.

शेवटी मी हात जोडले. त्यांनीही भक्तिभावाने हात जोडले. "वहिनी, तुमच्यासारखी माणसं दिसली की कामाला हुरूप येतो बघा." आणि दुप्पट वेगाने कामाला लागले!

हे जिन्यावरून बघत होते. "अगं, चिठ्ठी लिहून दे त्यांना! देवाला चालेल!"

देवाला चाललं असतं हो. मला चालेना. चिठ्ठी म्हणजे मौनाला चोरवाट.

नऊला मी तोंड उघडलं तोवर मागची अख्खी ओळ बसून घट्ट झाली होती, कपाटाखालच्या तिन्हीसकट.

"या तीन काढा," मी म्हटलं.

"काढताना एखादी नक्की फुटणार. जास्तीच्या आहेत ना?"

एकवीस वर्षांत पहिल्यांदाच मला उत्तर म्हणून शून्य सांगावं लागलं. मिस्त्रींनी पुढे लावत आणलं आणि दुपारी सत्तावीस संपल्या तेव्हा खोलीच्या तोंडाशी, ऐन दारात, तीन फरश्यांचा उघडा पट्टा उरला.

मी दुकानात धावले. दुकानदाराने आनंदाने भिंतीकडे बोट केलं. "तुम्ही परत दिलेल्या ना? नमुना म्हणून चिकटवून टाकल्या! छान दिसतात की नाही?" नव्या लॉटची फरशी दोन मिलिमीटरने जास्त जाड निघाली. म्हणजे दारातच कड वर येणार, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, पायाला अडेल असं खोलीत काही नको.

"सिमेंट ओतून गुळगुळीत करून देतो," मिस्त्री म्हणाले.

सिमेंटचं ठिगळ? क्वांटिटी सर्व्हेयरच्या घरात? आणि वन्संच्या डोळ्यांसमोर? ती जागा झाकायला पाहिजे होती. आणि तिच्यावर बरोब्बर बसेल असं माझ्याकडे एकच होतं. कपाट!

"पण तिथे दार आहे," हे म्हणाले.

"दार हलवू."

"दार हलवू?"

"स्वयंपाकघराच्या भिंतीत जागा आहे. ओटा आणि खांबाच्या मध्ये पंचाहत्तर सेंटिमीटर. इथे सही करा."

"हे काय आहे?"

"बदलाचा आदेश. सहीशिवाय मी भिंतीला हात लावू देणार नाही."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"म्हणून तर पहिली सही तुमची."

आणि पुढचे चार दिवस, काय सांगू, मी जे काम करून घेतलं त्याला तोड नाही! नवा तक्ता लावला. मंगळवारी भिंत फोडली. भिंतीत विजेचे बोर्ड निघाले, ते सरकवले. बोर्ड सरकले म्हणून फ्रिज सरकला. फ्रिज बैठकीत आला म्हणून सोफा व्हरांड्यात गेला आणि हे तीन दिवस पेपर व्हरांड्यात वाचू लागले. येणारे-जाणारे त्यांना विचारायचे, "घरातून काढलं का हो?" पण सुतार वेळेवर, इलेक्ट्रिशियन वेळेवर, रंगारी वेळेवर! कुणी कुणाच्या पायात आलं नाही. फुटक्या विटासुद्धा मी कुंड्यांखाली लावून टाकल्या. जुनं दार कपाटामागे गडप. शनिवारी दहा चाळीसला मिस्त्रींनी शेवटचं फडकं मारलं आणि ते स्वतःच म्हणाले, "वहिनी, अशी धावपळ आणि असं काम आयुष्यात केलं नाही!"

अकरा वाजता गाडी आली. पुढे सासूबाई वॉकर टेकत, मागे वन्सं हातात पिशवी घेऊन. पिशवीत सासूबाईंचे कपडे तसेच बांधलेले, म्हणजे उघडायची वेळच येणार नाही अशी त्यांची खात्री! बैठक झाली, स्वयंपाकघर झालं. वन्सं खोलीत डोकावल्या आणि कोपरान् कोपरा न्याहाळू लागल्या. कड नाही, फट नाही, ठिगळ नाही. माझी मान अशी ताठ झाली होती की मला छताखेरीज काही दिसेना.

सासूबाईंनी नव्या दारात वॉकर घातला.

खट्ट.

थोडा मागे घेऊन पुन्हा घातला. खट्ट!

पंचाहत्तर होती भिंतीतली जागा. त्यातून चौकटीच्या दोन बाजू गेल्या, दाराची जाडी गेली, उरले एकोणसाठ. वॉकर बासष्ट! आमच्या शास्त्रात दार म्हणजे भिंतीच्या मापातली वजावट. एकवीस वर्षं मी हजारो दारं वजा केली. त्यातून माणसं ये-जा करतात, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"वहिनीबाई, मोजलं होतंत ना?" वन्सं गोड हसून म्हणाल्या आणि पिशवी उचलून गाडीकडे वळल्याच.

मी दाराला पुन्हा टेप लावला. एकोणसाठच!

सासूबाईंनी वॉकर बाजूला भिंतीला टेकवला. एक हात माझ्यापुढे केला. "धर."

मी धरला. थोडं तिरकं होत, एकेक पाऊल टाकत, आम्ही दोघी आत गेलो. त्या पलंगावर टेकल्या, खिडकीतून बाहेर बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "पिशवी आण गं इकडे! तुझी वहिनी किती हुशार बघ. दारच असं केलंय की मला कुणीतरी हात धरूनच आत न्यायला पाहिजे."

आता दिवसातून चौदा वेळा मी सासूबाईंचा हात धरून त्या दारातून तिरकी होऊन जाते-येते. मोजलंय. परवा मिस्त्री येऊन म्हणाले, "एका दिवसात दार रुंद करून देतो." सासूबाई कडाडल्या, "भिंतीला हात लावायचा नाही!"

माझं मत कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी उपयोग नव्हता. तेव्हा आम्ही दोघी दारातच अडकलेल्या होतो.